काम सुटल्यावर कोणते पैसे मिळतात, कोणते नाही: खान्देशातल्या कामगारांसाठी

जळगावच्या एमआयडीसीत एखाद्या कारखान्याने माणसं कमी केली की व्हॉट्सॲपवर एक जुना निरोप पुन्हा फिरायला लागतो: 'प्रधानमंत्री बेरोजगारी भत्ता, दरमहा ३५०० रुपये, खालच्या लिंकवर नाव नोंदवा.' अशी योजना अस्तित्वात नाही. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने हा निरोप खोटा असल्याचं जाहीर केलेलं आहे. त्या लिंकवर आधार क्रमांक आणि बँकेचा तपशील भरला तर भत्ता येणं दूरच, खात्यात आहे तेही जायचं.

आपल्या देशात 'काम नाही, म्हणून पैसे द्या' असा सरसकट हक्क कुणालाच नाही. ई-श्रम कार्ड काढलं म्हणून बेकारीत पैसे येत नाहीत, ती फक्त असंघटित कामगारांची नोंदणी आहे. राज्याची २०२४ सालची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना बारावी झालेल्याला ६०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन देते, पण ते शिकाऊ म्हणून केलेल्या कामाचे पैसे आहेत. शिवाय ती १८ ते ३५ वयासाठी आहे. पंधरा वर्षं मशीनवर उभं राहून घरी बसलेल्या चाळिशीच्या माणसाला तिचा काही उपयोग नाही.

तरीही दोन कायदेशीर हक्क आहेत आणि दोन्ही आपल्या भागात फार कमी लोक बजावतात. कारखान्यात, दुकानात, दवाखान्यात किंवा शाळेत पगारी काम करणाऱ्यासाठी ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा, आणि गावात मजुरी करणाऱ्यासाठी रोजगार हमी. यांच्याशिवाय मालकाकडून घ्यायची देणी असतात, ती भत्त्यात मोजायची नाहीत. पैसे मिळणार की नाही हे बरंचसं काम सुटण्याच्या आधीच ठरून गेलेलं असतं, हजेरीच्या दिवसांवर आणि जाताना कोणत्या कागदावर सही केली त्यावर. म्हणून हा लेख नोकरी गेलेल्याइतकाच नोकरीत असलेल्यासाठीही आहे.

आधी पगाराची पावती काढा

पावतीवर ईएसआय नावाची कपात दिसते का ते बघा. पगाराच्या ०.७५ टक्के तुमच्याकडून आणि ३.२५ टक्के मालकाकडून, असा २०१९ च्या जुलैपासूनचा दर आहे. म्हणजे १४,००० रुपये पगाराला तुमचे १०५ रुपये कापले जातात आणि मालक ४५५ रुपये भरतो. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला हा विमा लागू होतो आणि महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार त्यात येतो. अपंग कामगारासाठी ही मर्यादा २५,००० आहे. सहामाहीच्या मध्येच पगार २१,००० च्या वर गेला तर ती सहामाही संपेपर्यंत वर्गणी चालूच राहते. बढती झाली म्हणून लगेच विम्यातून नाव गेलं असं समजू नये.

कापले गेलेले पैसे खरंच भरले जातात की नाही हे पावतीवरून कळत नाही. त्यासाठी ईएसआयच्या संकेतस्थळावर आपला विमा क्रमांक टाकून महिन्यागणिक वर्गणी बघावी लागते. चटई, डाळ किंवा पाइपच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत लागलेल्यांनी तर हे दर दोन-तीन महिन्यांनी बघावंच. ठेकेदार बदलतो, नाव त्याच्या यादीतून गळतं आणि कामगाराला त्याचा पत्ता नसतो. अशा वेळी कंपनीचा माणूस म्हणतो, 'तो ठेकेदाराचा प्रश्न आहे.' तसं नाही. वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर, म्हणजे कंपनीवर, टाकलेली आहे. ती रक्कम त्याने ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्या दोघांचा व्यवहार.

सुरतेला उधना-लिंबायतकडे कामाला जाऊन परत आलेल्यांसाठी एक सूचना. विमा क्रमांक माणसाचा असतो, कंपनीचा नसतो. सुरतेत मिळालेला क्रमांक जळगावच्या कारखान्यात सांगितला तर तिथली वर्गणीही मोजणीत येते. न सांगता नवा क्रमांक काढला की दोन वर्षांची नोंद दोन तुकड्यांत विभागली जाते आणि दोन्ही तुकडे अपुरे पडतात. असे क्रमांक एकत्र करून घेता येतात, पण ते काम नोकरीत असतानाच ईएसआयच्या शाखा कार्यालयात जाऊन उरकलेलं बरं.

अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना

नोकरी गेल्यावर ईएसआयमधून रोख मिळण्याची ही मुख्य योजना. १ जुलै २०१८ पासून ती प्रायोगिक म्हणून सुरू झाली. तेव्हा सरासरी रोजाच्या २५ टक्के रक्कम मिळायची आणि त्यासाठी नोकरी गेल्यानंतर ९० दिवस थांबावं लागायचं. करोनाच्या टाळेबंदीत, २४ मार्च २०२० पासून, हा दर ५० टक्के झाला, थांबण्याचा काळ ३० दिवसांवर आला आणि मालकाच्या सहीची अडही निघून गेली. अर्ज आता थेट शाखा कार्यालयाकडे जातो. योजना कायमची नाही, तिची मुदत टप्प्याटप्प्याने वाढवत आणलेली आहे. त्यामुळे तुमची नोकरी गेली त्या तारखेला ती लागू आहे ना, एवढं शाखेत पहिल्यांदा विचारून घ्या.

पात्रतेच्या अटी वाचायला सोप्या वाटतात, मोजायला बसलं की घोळ होतो. नोकरी जाण्याआधी निदान दोन वर्षं तुम्ही विमा लागू असलेल्या कामावर असायला हवं. शिवाय नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी आणि त्याआधीच्या तीन वर्गणी काळांपैकी कोणत्याही एकात आणखी ७८ दिवसांची. वर्गणी काळ म्हणजे सहामाही. ईएसआयचं वर्ष दोन भागांत चालतं, १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च.

समजा, पाइप कारखान्यातल्या एका ऑपरेटरला १० जून २०२५ ला घरी बसवलं. त्याच्या लगेच आधीचा वर्गणी काळ ऑक्टोबर २०२४ ते मार्च २०२५. त्यात ७८ दिवस भरलेले हवेत. मग एप्रिल ते सप्टेंबर २०२४, ऑक्टोबर २०२३ ते मार्च २०२४, एप्रिल ते सप्टेंबर २०२३ या तिन्हींपैकी एकात ७८ दिवस असले की पुरे. ज्या दिवसांचा पगार मिळाला ते दिवस इथे मोजतात. सहामाहीत ७८ म्हणजे महिन्याला सरासरी तेरा दिवस, हे काही फार नाही.

तरीही माणसं इथे का अडकतात? तर 'ब्रेक'मुळे. कायम करावं लागू नये म्हणून काही ठिकाणी कामगाराला मधेच महिना-दीड महिना ब्रेक दिला जातो आणि मग नव्याने घेतलं जातं. रमजान, लग्नसराई, केळीची काढणी अशा निमित्ताने माणूस स्वतःही आठवडे काढतो. एका सहामाहीत असं दोनदा झालं आणि बाकीच्या महिन्यांत हजेरी अर्धीमुर्धी असली की ७८ चा आकडा हुकतो. त्यातही ही शेवटची सहामाही असेल तर बाकीच्या तीन कितीही भरलेल्या असोत, अर्ज बसत नाही. मला ही अट कामगारावर अन्याय करणारी वाटते. कारण कारखाना डबघाईला येतो तेव्हा काम कमी होतं ते नेमकं शेवटच्याच सहामाहीत, आणि ते कमी करणं कामगाराच्या हातात नसतं.

किती मिळतं? मागच्या चारही वर्गणी काळांत मिळालेला एकूण पगार घ्यायचा, त्याला ७३० ने भागायचं आणि निघालेल्या रोजाचा अर्धा भाग, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी. वरच्या ऑपरेटरला दरमहा १४,००० रुपये सलग मिळाले असतील तर चोवीस महिन्यांचे ३,३६,००० होतात. भागिले ७३०, म्हणजे रोज साधारण ४६०. त्याचे अर्धे २३० रुपये. ९० दिवसांचे २०,७०० च्या आसपास.

यातला ७३० हा आकडा बदलत नाही, तो नीट लक्षात घ्या. दोन वर्षांत तुम्ही प्रत्यक्ष किती दिवस काम केलंत याच्याशी त्याचा संबंध नाही. त्याच ऑपरेटरच्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाला दर महिन्याला काम कमी मिळालं आणि सरासरी ९००० च हातात आले, तर एकूण २,१६,००० होतात. रोज २९६, अर्धे १४८, आणि ९० दिवसांचे १३,३०० च्या घरात. कामावर असतानाही कमी मिळालं आणि काम गेल्यावरही कमीच. 'अर्धा पगार मिळणार' असं कुणी सांगितलं तर हा हिशेब आधी कागदावर करून बघा, म्हणजे नंतर शाखेतल्या माणसाशी वाद घालायची वेळ येणार नाही.

हे ९० दिवस सगळ्या आयुष्यासाठी मिळून आहेत, एकदाच. मधेच दुसरी नोकरी लागली तर लागण्याच्या दिवसापर्यंतचेच पैसे मिळतात. नोकरी गेल्यापासून वर्षाच्या आत अर्ज व्हायला हवा. आपल्याकडे 'बघू, आठ-पंधरा दिवसांत कंपनी परत बोलावेल' म्हणत माणूस दिवाळी काढतो, मग शेतीच्या कामाला लागतो आणि मुदत हातची जाते. बोलावणं आलंच तर चांगलंच आहे, त्यासाठी अर्ज थांबवून ठेवायची गरज नाही.

राजीनाम्याची सही

शिस्तभंगाच्या शिक्षेने काढलेला, निवृत्तीच्या वयाला पोचलेला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेला कामगार या योजनेत बसत नाही. हे नियमात लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात अडचण वेगळीच होते. माणसं कमी करताना व्यवस्थापन एकेकाला आत बोलावतं आणि छापील कागद पुढे करतं, 'घरगुती कारणास्तव राजीनामा देत आहे.' सोबत सांगितलं जातं की सही केली तर हिशेब आजच होईल, नाही तर चकरा माराव्या लागतील. घरी पैशांची नड असते, माणूस सही करतो.

त्या एका सहीने बरंच काही जातं. कामगारकपातीची नुकसानभरपाई राजीनामा देणाऱ्याला मिळत नाही. ईएसआयच्या अर्जात 'काम गेलं' आणि कंपनीच्या कागदात 'काम सोडलं' असं दिसलं की पडताळणीत प्रश्न उभा राहतो. मालक दर महिन्याची वर्गणी ईएसआयच्या संगणकात भरतो तेव्हा शून्य दिवसांपुढे कारण निवडतो. त्या यादीत 'सेवा सोडली', 'निवृत्त', 'कपात', 'संप किंवा टाळेबंदी', 'काम नाही' अशी वेगवेगळी कारणं आहेत. क्लार्क बऱ्याचदा सवयीने 'सेवा सोडली' हेच निवडतो. त्यात कपट असेलच असं नाही, पण त्रास तुम्हाला होतो. म्हणून शेवटच्या दिवशी हिशेब विभागात जाऊन विचारायचं, 'दादा, ईएसआयला माझं कारण काय टाकणार?' आणि काढल्याचं पत्र लेखी मागायचं. पत्र दिलं नाही तर 'अमुक तारखेला मला कामावर येऊ नका असं सांगितलं, मी काम करायला तयार आहे' असं साध्या मराठीत लिहून स्पीड पोस्टाने कंपनीला पाठवायचं. पोस्टाची पावती आणि पत्राची प्रत जपून ठेवायची. वकिलाची गरज नाही, एक कोरा कागद पुरतो.

सही आधीच झालेली असेल तरी अर्ज करून बघायला हरकत नाही. दबावाखाली घेतलेल्या राजीनाम्याबद्दल सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते, जळगाव आणि धुळ्याला कामगार न्यायालयंही आहेत. पण ती वाट लांबची आहे. सही न करणं सोपं.

अर्ज भरण्याबद्दल थोडक्यात. ईएसआयच्या संकेतस्थळावर विमेदार म्हणून आत जायचं, योजनेचा दावा निवडायचा, बेकारीच्या तारखा भरायच्या. आधार विमा क्रमांकाला जोडलेलं हवं आणि बँक खातं तुमच्या स्वतःच्या नावाचं हवं. आधारावरचं नाव आणि विम्यातलं नाव यांत फरक असला तर तो आधी दुरुस्त करून घ्या. आपल्याकडे 'पाटील' लावायचं की मूळ आडनाव, या एका गोष्टीवरून कितीतरी कागद अडतात. आधार आणि पासबुक स्कॅन करून चढवता आलं तर उत्तम, नाही तर अर्जाची प्रत काढून सहीनिशी शाखेत द्यायची आणि तिथे पोच घ्यायची. अर्ज सायबर कॅफेतून भरून घेत असाल तर पासवर्ड त्याच्याकडे ठेवून येऊ नका.

आणखी एक गोष्ट, जी पैशाइतकीच कामाची आहे. नोकरी गेली म्हणून ईएसआयचं कार्ड त्या दिवशी बंद होत नाही. ऑक्टोबर ते मार्चमध्ये ७८ दिवस भरले असतील तर त्या वर्गणीचा लाभ काळ पुढच्या जुलै ते डिसेंबरचा असतो. एप्रिल ते सप्टेंबरचा लाभ जानेवारी ते जूनमध्ये. तोवर तुम्हाला आणि घरच्यांना दवाखाना चालू राहतो. बाळंतपण किंवा ऑपरेशन घरात ठरलेलं असेल तर हा हिशेब आधी करा.

कारखानाच बंद पडला तर

तेव्हा दुसरी, जुनी आणि जास्त उदार योजना आहे, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. ती १ एप्रिल २००५ पासून आहे. जळगावची खान्देश मिल बंद पडली त्या पिढीच्या वाट्याला असलं काही आलं नव्हतं. कारखाना कायद्याने बंद झाला, कामगारकपात झाली किंवा कामाबाहेरच्या अपघाताने ४० टक्क्यांहून कमी नाही इतकं कायमचं अपंगत्व आलं, अशा तीनच कारणांसाठी ही योजना आहे. भत्ता जास्तीत जास्त २४ महिने मिळतो, पहिल्या बारा महिन्यांत पगाराच्या निम्मा. शिवाय दवाखाना आणि व्यवसाय प्रशिक्षण. दोन वर्षांचा भत्ता आणि नव्वद दिवसांचा भत्ता यांत फरक केवढा आहे ते बघा, आणि तो फरक पुष्कळदा 'कपात' हा शब्द कागदावर आहे की नाही एवढ्यावर ठरतो. कारखाना कायद्याने बंद न करता नुसतं गेटला कुलूप लावून मालक निघून गेला, तर कामगारांनी एकत्रित तक्रार करून बंदची नोंद करून घेणं फार महत्त्वाचं ठरतं. एकेकट्याने ते होत नाही.

जिनिंग आणि साखर

आता खान्देशातली खरी अडचण. आपल्याकडे कापूस आहे, म्हणून जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणं, आहे. धरणगाव, बोदवड, जामनेर, शिरपूर, शहादा, कुठेही जा, दसऱ्यानंतर रेचे सुरू होतात आणि उन्हाळा लागला की थांबतात. ईएसआयच्या कायद्यात 'हंगामी कारखाना' वगळलेला आहे आणि त्या व्याख्येत कापसाचं जिनिंग, प्रेसिंग, शेंगा फोडणं, गूळ आणि साखर ही नावं घेऊन लिहिलेली आहेत. १९४८ च्या कायद्यातली ही सूट सामाजिक सुरक्षा संहितेतही तशीच आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या, कायद्याची नावं बदलली, जिनिंगवाला मात्र बाहेरच राहिला.

म्हणजे ज्याचं काम दरवर्षी ठरलेल्या महिन्यांत हमखास जातं, त्यालाच बेकारीचा विमा नाही. विमा कंपनीच्या डोक्याने बघितलं तर ते समजतं, दरवर्षी होणाऱ्या नुकसानीचा विमा कोण उतरवणार? पण ही काही खाजगी विमा कंपनी नाही. फैजपूरचा मधुकर कारखाना बंद पडला तेव्हा तिथल्या कामगारांच्या चर्चेत भविष्य निर्वाह निधी होता, ग्रॅच्युइटी होती, थकलेले पगार होते. बेकारी भत्ता नव्हता, त्याचं कारण साखर कारखाना व्याख्येतच हंगामी, हे.

एक फट मात्र आहे. व्याख्या सांगते की कारखाना 'केवळ' त्याच कामात असला पाहिजे. जिनिंगच्या आवारात वर्षभर चालणारी तेल गिरणी किंवा सूतकताई असेल तर तो निव्वळ हंगामी राहत नाही, असा मुद्दा मांडता येतो. अशा ठिकाणी दहा किंवा जास्त माणसं असतील आणि ईएसआय कापलं जात नसेल, तर कामगारांनी ईएसआयच्या कार्यालयाकडे लेखी तपासणी मागावी. तपासणी झाली तर आधीची वर्गणीही मालकाकडून वसूल होऊ शकते.

मालकाकडून काय घ्यायचं

हे भत्त्याच्या पलीकडचं आहे, पण गोंधळ होऊ नये म्हणून सांगतो. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराची कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी वेगळी. ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्याला नव्या संहितेप्रमाणे एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी मिळते, मात्र कराराची मुदत संपून काम गेलं तर त्याला कपात म्हणत नाहीत. नव्या वेतन संहितेत शेवटचा पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा आहे. औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधी आहे. मालकाने त्यात १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर जायची. गेटवर हे सगळं आपणहून कुणी सांगत नाही. 'फुल अँड फायनल' म्हणून एक आकडा पुढे केला जातो. त्याची फोड मागा.

भविष्य निर्वाह निधी हा तर तुमचाच पैसा. आधी दोन महिने बेकार राहिल्यावर तो पूर्ण काढता यायचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वस्त मंडळाने ठरवलं की ७५ टक्के लगेच काढता यावेत आणि उरलेले बारा महिन्यांनी. पीएफ काढल्याने ईएसआयचा दावा बाद होत नाही, दोन्ही खाती वेगळी. मालकाने नोकरी सोडल्याची तारीख भरलीच नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः पीएफच्या पोर्टलवर भरू शकता. तिथेही कारण निवडताना डोळे उघडे ठेवा.

सातपुड्यात आणि गावखेड्यात

अक्कलकुवा, धडगाव, तळोदा इथल्या पावरा आणि भिल्ल कुटुंबांना ईएसआय ठाऊक असण्याचं कारण नाही. त्यांच्या बेकारीला दिवाळीनंतरचं स्थलांतर म्हणतात, बारडोलीकडे उसाला. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. त्यांच्यासाठी कायद्यातला बेरोजगार भत्ता रोजगार हमीत आहे. महाराष्ट्राला रोजगार हमीचं नवं काहीच नाही, राज्याचा कायदा १९७७ चा. केंद्राने त्यावरूनच धडा घेऊन २००५ मध्ये देशभराचा कायदा केला.

नियम असा की जॉबकार्ड असलेल्या कुटुंबाने काम मागितलं आणि पंधरा दिवसांत मिळालं नाही, तर सोळाव्या दिवसापासून भत्ता सुरू होतो. पहिले तीस दिवस मजुरीच्या निदान चौथा हिस्सा, नंतर निदान अर्धा. महाराष्ट्रातली २०२५-२६ ची मजुरी रोज ३१२ रुपये, म्हणजे चौथा हिस्सा ७८ आणि अर्धा १५६. भत्त्याचा भार राज्य सरकारवर पडतो. बोलावूनही कामावर न जाणाऱ्याला तो मिळत नाही.

हा भत्ता मिळाल्याचं गावात क्वचितच ऐकू येतं, आणि त्यामागे कागदाचं साधं कारण आहे. काम तोंडी मागितलं जातं. ग्राम रोजगार सेवक म्हणतो, 'काम निघालं की सांगतो.' पंधरा दिवस कधीपासून मोजायचे याचा पुरावाच तयार होत नाही. काम मागणीचा नमुना ४ भरून द्यायचा, निदान सलग चौदा दिवसांचं काम मागायचं आणि तारीख घातलेली पोच घ्यायची. पोच म्हणजे मागणीची तारीख सरकारने मान्य केली. ती द्यायला सेवक टाळाटाळ करतो ते उगाच नाही, भत्ता द्यावा लागला तर उत्तर त्याला आणि त्याच्या वरच्यांना द्यावं लागतं. तो पोच देत नसेल तर मागणी पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे किंवा तहसील कार्यालयात द्यावी, दहा-वीस कुटुंबांनी मिळून द्यावी. पाड्यावरून एकटा माणूस गेला की त्याला उद्या या म्हणतात, वीस जणांना म्हणणं अवघड जातं.

जॉबकार्ड घरात हवं. सेवकाकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे 'ठेवायला' दिलेलं असेल तर परत घ्या, त्यावर न केलेले दिवस भरलेले असू शकतात आणि ते तुमच्या कुटुंबाच्या वर्षाच्या दिवसांतून वजा होतात.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात कुटुंबामागे १०० ऐवजी १२५ दिवसांची हमी आहे. पंधरा दिवसांत काम नाही तर भत्ता, हे तत्त्व त्यात ठेवलेलं आहे. पण पेरणी आणि कापणीच्या ऐन दिवसांत राज्याला वर्षातले एकूण साठ दिवस कामं बंद ठेवता येतील, अशीही तरतूद आहे. सातपुड्यातल्या कोरडवाहू तुकड्यावर पेरणी चार दिवसांत उरकते. पुढचे आठवडे घरात दाणा नसतो, आणि मुकादम उचल घेऊन पाड्यावर येतो तो त्याच सुमाराला. तुमच्या तालुक्यात हे बंद दिवस कोणते जाहीर होतात ते ग्रामसभेत विचारा आणि कामाची मागणी त्यांच्या आधी नोंदवा.